वाढत्या अंगाचा परकर

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की ज्या राजाच्या राज्यात ती घडली त्याचं नावसुद्धा आता कोणाला आठवत नाही. राजे आले आणि गेले. पण लेकरांचे कपडे घ्यायला निघालेले आईबाप तेव्हाही तसेच होते आणि आजही तसेच आहेत. म्हणून ही गोष्ट लहानांनी नुसती ऐकावी आणि मोठ्यांनी जरा कान उघडे ठेवून ऐकावी.

तर त्या राज्यात डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावात जानाई देवीचं देऊळ, देवळासमोर दगडी पायऱ्यांचं तळं, आणि तळ्याच्या काठाने लांबवर पसरलेली कापडपेठ. वर्षातून एकदा देवीची जत्रा भरायची. जत्रेच्या सकाळी लेकरांना नवे कपडे घ्यायचे, दुकानातच अंगावर चढवायचे आणि तसंच त्यांना देवीच्या पायावर घालायला न्यायचं, अशी तिथली रीत होती.

रीत चांगलीच होती. खोड होती ती आईबापांना.

त्या गावात मुलाचा कपडा कधी म्हणून मुलाच्या मापाचा घेत नसत. "वाढतं अंग आहे," असं म्हणायचं आणि हातभर मोठा घ्यायचा. त्यामुळे मुलगे अंगरख्याच्या बाह्या दुमडून दुमडून फिरायचे आणि मुली परकर दोन्ही हातांनी उचलून चालायच्या. पंतोजींना छडी मारायची झाली तर आधी बाहीतून हात शोधून काढावा लागायचा. पहिल्या वर्षी कपडा फार मोठा, म्हणून पेटीत जायचा. दुसऱ्या वर्षी जरा कुठे बसायला लागला, की "आता कुठे चांगला दिसतोय, रोज वापरून विटवू नकोस," म्हणून पुन्हा पेटीत. तिसऱ्या वर्षी बाहेर काढावा, तर तोकडा! एवढं होऊनही गावातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात उजेड पडत नव्हता. आणि गावात शहाण्यांना तोटा नव्हता.

त्या सगळ्या शहाण्यांत पुढे असायची साळूबाई.

कापडाची पारख करावी तर साळूबाईने. ओला अंगठा घासून ती रंग जातो का ते बघायची. उन्हात धरून वीण बघायची. कपडा उलटा करून शिवण ताणायची, आणि पुढे उसवून मोठा करता यावा म्हणून आत माया किती सोडली आहे, तेही बोटांनी चाचपून घ्यायची. ती येताना दिसली की पेठेतले दुकानदार सुस्कारे टाकायचे. शेजारणी मात्र खरेदीला जाताना तिला मुद्दाम सोबत न्यायच्या.

साळूबाई चिक्कू होती असं समजू नका. तिच्या लहानपणी घरात कपड्यांची ओढाताण होती. ती भराभर वाढली, परकर वाढला नाही. उघड्या नडग्या बघून गावातली पोरं तिला "बगळी, बगळी" म्हणून हसायची. ते हसू तिच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं. आपल्या लेकीला कोणी असं हसता कामा नये, हे तिने लेक व्हायच्या कितीतरी आधी ठरवून टाकलं होतं.

लेकीचं नाव जनी. त्या गावात घरातल्या पहिल्या मुलीला जानाईचंच नाव ठेवत, त्यामुळे जशी घरोघरी चूल, तशी घरोघरी एक जनी. साळूबाईची जनी पाच-सहा वर्षांची होती. पोर गुणी होती, आणि तिच्याकडे फारसं लक्ष द्यावं लागत नाही हे साळूबाई सगळ्यांना कौतुकाने सांगायची.

त्या वर्षी जत्रेच्या सकाळी साळूबाई नवऱ्याला आणि जनीला घेऊन पेठेत शिरली, आणि तिथूनच तिचं डोकं तापायला लागलं. पहिल्या दुकानात रंग जात होता. दुसऱ्यात शिवण कच्ची. तिसऱ्यात सगळं मनासारखं होतं, तर परकर जनीच्या घोट्यापर्यंतच आला. म्हणजे तो अगदी बरोबर बसला, आणि म्हणूनच साळूबाईच्या लेखी बाद झाला.

नवरा भिवबा हा भला माणूस. प्रत्येक दुकानात तो एकच वाक्य बोलत होता.

"छान आहे की. घेऊन टाक."

"तुम्हाला गोणपाट दाखवलं तरी तुम्ही छानच म्हणाल!" साळूबाई करवादली. "त्यापेक्षा तुम्ही जा आणि नारळ, खण घेऊन या. आम्ही येतो देवळापाशी."

भिवबा सुटलो म्हणत निघाला.

चौथ्या दुकानात जनीने एका पिवळ्या परकराला बोट लावलं. "आई, हा घे ना."

"पिवळा? संध्याकाळपर्यंत त्याचं पोतेरं करशील. मळखाऊ रंग पाहिजे."

"बाई, पोरीला जरा इकडे उभी करा," दुकानदार म्हणाला. "माप तरी बघू."

"पोरीचं काय बघायचंय त्यात? मी सांगते ना." साळूबाईने आपल्या छातीशी आडवा हात धरला. "एवढी होईल ती."

"होईल तेव्हा होईल. आज केवढी आहे?"

"आजचं काय घेऊन बसलात? आज काय, हां हां म्हणता निघून जाईल."

दुकानदाराने कपाळाला हात लावला. "बाई, तुम्ही पोरीला परकर घेताय की किल्ल्याला दरवाजा?"

साळूबाईने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तिने पंधरा-वीस परकर उलटेपालटे केले, दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळवलं, आणि शेवटी हवा तो परकर काढलाच. चिंचोक्याच्या रंगाचा, जाडाभरडा, लाल काठाचा. इतका कडक, की जमिनीवर ठेवला तर आपला आपण उभा राहिला असता. त्याच कापडाचं लांब बाह्यांचं पोलकं. कंबर फार सैल होती, म्हणून साळूबाईने जनीच्या अंगावरच्या जुन्या कपड्यांवरूनच नवे चढवले आणि नाडी दोन वेढे देऊन करकचून आवळली.

"आई, टोचतंय."

"नवं आहे. टोचणारच."

"आई, माझे पाय सापडत नाहीत."

"मग परकर उचलून धर की. दोन्ही हातांनी धर. आणि मळवलास तर याद राख."

जनीने दोन्ही हातांनी परकर उचलला. आता ज्या लेकराचे दोन्ही हात परकर उचलण्यात गुंतले, त्याने आईचं बोट कशाने धरायचं? हा साधा प्रश्न साळूबाईला पडला नाही. सौदा मनासारखा झाला होता ना! रंग पक्का, शिवण दुहेरी, तीन वर्षांची निश्चिंती. ती खुशीत गर्दीतून पुढे चालली होती आणि मागून परकर फरफटत येत असल्याचा आवाज तिला ऐकू येत होता.

वाटेत एका पालात थंडीच्या कुंच्या टांगलेल्या दिसल्या. घ्यायची नव्हती, पण हात लावून बघायला काय जातं? साळूबाईने अस्तर चाचपलं. नाडी ओढून बघितली. दुकानदाराशी दोन शब्द वाजले. मग कुंची हातात घेऊन ती मागे वळली.

"जने, डोकं कर इकडे."

मागे कोणी नव्हतं.

"ही पोर ना!" साळूबाई संतापली. "एक क्षण म्हणून जागेवर उभी राहील तर शपथ! जने! अगं ए जने!"

चारपाच मुलींनी वळून पाहिलं. त्या सगळ्या जनीच होत्या, आणि त्यांतली एकही साळूबाईची नव्हती.

तिने कुंची टाकली आणि आल्या वाटेने निघाली. परकराच्या दुकानात जनी नव्हती. बत्ताशांच्या पालापाशी नव्हती. पाळण्यापाशी नव्हती. "सापडू दे, चांगली बडवते तिला," असं ती पुटपुटत होती. मग हळूहळू नुसतं "सापडू दे, सापडू दे" एवढंच राहिलं. तसं म्हणतच ती देवळापाशी पोचली.

देवळाच्या ओट्यावर हलगी घेऊन एक म्हातारा दवंडीवाला बसलेला असे. जत्रेत हरवलेली पोरं, बैल आणि पायताणं, तिन्ही त्याच्याच दवंडीने सापडत. साळूबाई धापा टाकत त्याच्यापुढे उभी राहिली.

"बाबा, माझी लेक हरवली. जनी."

म्हाताऱ्याने उचललेली हलगी पुन्हा खाली ठेवली. "बाई, जानाईच्या जत्रेत जनी म्हणून हाक घातली तर निम्मी जत्रा माझ्या अंगावर येईल. अंगावर काय आहे ते सांग."

इथे साळूबाई थोडीच अडखळणार! "चिंचोक्याच्या रंगाचा परकर. जाड आहे, पण वीण घट्ट. लाल काठ, खाली आत दुमडलेली पट्टी, तीसुद्धा दुहेरी शिवणीची. पोलक्याच्या बाह्या लांब, दुमडलेल्या. रंग पक्का आहे, मी घासून बघितलाय."

"रंगाचं राहू दे. उंची?"

साळूबाईचा हात आपोआप छातीशी गेला. "एवढी."

"चेहरा कसा? काही खूण? एखादा दात पडलाय का?"

"पडलाय ना."

"कुठला?"

वरचा? खालचा? सकाळपासून पोर तिच्या पुढ्यात होती. तोंड वर करून बोलत होती, टोचतंय म्हणत होती. त्या वेळी साळूबाई काठाचे धागे बघत होती. दात कुठला ते तिला सांगता येईना, आणि तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"बरं, बरं," म्हातारा म्हणाला आणि त्याने हलगीवर थाप मारली. "ऐका हो ऐका! आईच्या छातीला लागेल एवढी उंच पोर, नाव जनी, अंगावर चिंचोकी परकर, लाल काठाचा! कोणाला दिसली तर देवळाशी घेऊन या हो!"

जत्रेतली माणसं भली होती. त्यांनी उंची बघून, शोधून शोधून पोरी आणल्या. पहिली आली ती कोणाची तरी भाची. दुसरी चिडलेली होती, कारण तिला पाळण्यातून उतरवून आणलं होतं. तिसरी गवळ्याची थोरली मुलगी, काखेत धाकट्या भावाला घेऊनच आलेली. प्रत्येक वेळी गर्दी बाजूला झाली की साळूबाई पुढे धावायची, आणि प्रत्येक वेळी तिला ओरडावं लागायचं.

"ही नाही हो! ही कुठे माझी? माझी केवढीशी आहे!"

"अगं मग हात कुठे धरला होतास?" दवंडीवालाही आता वैतागला. "तू सांगितलंस तेवढ्याच उंचीच्या आणतायत ना लोक!"

तेवढ्यात भिवबा नारळ घेऊन आला. काय झालं ते त्याला नीट सांगूनही झालं नव्हतं, तोच तळ्याकडून एक माणूस धावत आला. त्याच्या हातात चिंचोक्याच्या रंगाचा परकर होता आणि त्याच रंगाचं पोलकं.

"हे तळ्याच्या पायरीवर होतं," तो म्हणाला. "घडी करून ठेवलेलं. पोर नाही कुठे."

भिवबाच्या हातातला नारळ गळून पडला. तो तळ्याकडे पळत सुटला. त्याच्यामागे पोहणारी चारपाच माणसं धावली, आणि क्षणात पाण्यात उड्या पडल्याचे आवाज आले.

साळूबाई ओट्यावर बसली. परकर तिच्या मांडीवर होता. शिवण शाबूत, काठ शाबूत. त्या शाबूत परकराचा तिला इतका संताप आला, की तो दातांनी फाडून टाकावासा वाटला. पण तो फाटण्यातला नव्हता. तिनेच तसा निवडला होता.

दवंडीवाला तिच्यापुढे उकिडवा बसला.

"बाई, अजून धीर सोडू नको. कपडे सापडले, त्यांचा विषय संपला. आता मला पोर सांग."

साळूबाईने डोळे मिटले. आधी तिला नुसता चिंचोकी रंगच दिसला. मग आठवलं. दुकानात ती घासाघीस करत होती तेव्हा कमरेशी काहीतरी ऊबदार टेकलं होतं. पोर दमली होती, आईला रेलून उभी होती. "नीट उभी राहा," म्हणून साळूबाईने तिला गुडघ्यानेच बाजूला सारलं होतं.

"इथे," ती म्हणाली, आणि तिचा हात छातीवरून खाली कमरेवर आला. "इथे टेकत होतं तिचं डोकं. एवढीच आहे हो ती. एवढीशीच आहे."

एवढं सांगितलं आणि मग बाकीची जनी आपोआप आली. "खालचा दात पडलाय. पुढचा. बोलताना त्या फटीत जीभ घालते. डाव्या भुवईवर कांजिण्यांचा वण आहे. आणि बाबा, ती घाबरली की रडत नाही. गप्प बसते. कोणाला कळतसुद्धा नाही ती घाबरलीय ते."

शेवटचं वाक्य बोलताना तिला हुंदका फुटला.

म्हातारा उभा राहिला. या वेळी त्याने हलगी हळूच वाजवली.

"ऐका हो ऐका! मघाची दवंडी चुकीची होती. पोर मोठी नाही, लहान आहे. आईच्या कमरेला डोकं लागतं एवढीशी. खालचा दात पडलाय, भुवईवर वण आहे. घाबरली की गप्प बसते. कोणाजवळ अशी पोर गप्प बसून असेल तर जरा बघा हो!"

ओट्याच्या अगदी खाली बांगड्यांचं एक पाल होतं. तिथून बारीक आवाज आला.

"ती मी आहे."

बांगड्यांच्या करंड्यांमागून जनी उठून उभी राहिली. अंगावर तिचा जुना, विटलेला, तोकडा परकर होता. साळूबाईची नजर मघापासून दोनदा त्या पालावरून फिरून गेली होती. पण ती नजर चिंचोकी रंग शोधत होती.

"अगं बाई, हिला शोधत होता?" कासारीण आश्चर्याने म्हणाली. "तळ्यावर एकटीच गुडघा धुवत बसली होती, म्हणून मी हाताला धरून आणली. मघाशी दवंडी झाली तेव्हा विचारलंसुद्धा, तुला शोधतायत का गं? तर म्हणाली, नाही, ती कोणी मोठी मुलगी आहे."

कोणीतरी भिवबाला हाका मारत तळ्याकडे धावलं. साळूबाई ओट्यावरून उतरली नाही, जवळजवळ पडलीच. आणि आई ती आईच, पहिल्यांदा काय केलं असेल तर ती ओरडली.

"कुठे गेली होतीस गं मेले? जीव घेतलास माझा! आणि ते नवे कपडे तिकडे का टाकलेस?"

"टाकले नाहीत," जनी म्हणाली. "पाय अडकून मी पडले. मग ते काढून कोरड्या पायरीवर घडी करून ठेवले. पण आई, परकर फाटला नाही. मी बघितलं. कुठेच फाटला नाही."

खरंच फाटला नव्हता. कापड टिकाऊ होतं. फुटला होता तो जनीचा गुडघा, आणि कासारणीने त्यावर हळद दाबली होती.

साळूबाईने तो गुडघा बघितला. ती खाली मातीतच बसली, तेव्हा कुठे तिचा चेहरा लेकीच्या चेहऱ्यासमोर आला.

"अगं, दवंडी ऐकलीस ना तू? मग मी इथे आहे असं का नाही म्हणालीस?"

"तू मोठ्या जनीला बोलावत होतीस," जनी अगदी सरळ म्हणाली. मग जरा भीतभीत तिने विचारलं, "सापडली का गं ती तुला?"

दवंडीवाल्याने तोंड फिरवलं. कासारणीने पदर डोळ्यांना लावला. साळूबाईने लेकीला इतकं घट्ट धरलं, की जनीला श्वास घेता येईना.

"नाही सापडली," ती म्हणाली. "ती अजून कुठेच नाहीये गं. यायची तेव्हा येईल. मला तूच हवी होतीस. एवढीच."

भिवबा भिजलेलाच धावत आला. त्याने जनीला खांद्यावर घेतलं. जाताजाता साळूबाईने तो चिंचोकी परकर गवळ्याच्या थोरलीला देऊन टाकला. तिला तो आजच बसत होता.

आणि मग गावात कधी घडलं नव्हतं ते घडलं. जत्रेच्या दिवशी एक पोर जुन्या, तोकड्या कपड्यांत देवीपुढे उभी राहिली. बायका कुजबुजल्या. कोणीतरी फिसकन हसलंही. साळूबाईने आयुष्यभर ज्या हसण्याची धास्ती घेतली होती, तेच हे हसणं. तिने ते ऐकलं, आणि लेकीचं डोकं देवीच्या पायावर टेकवताना तिची नजर लेकीवरून हलली नाही.

गाव सुधारलं का म्हणाल, तर नाही. गावं अशी एका जत्रेत सुधारत नसतात. बाकीचे आईबाप हातभर मोठेच कपडे घेत राहिले, आणि साळूबाईची आता अक्कल गेली, असंही म्हणत राहिले. साळूबाई मात्र पुढे प्रत्येक दुकानात आधी जनीला समोर उभी करायची. "हात वर कर. बस. ऊठ. त्या झाडापर्यंत पळून ये. टोचतं का?" हे सगळं झाल्याशिवाय ती परकराला हात लावायची नाही. त्यात दुप्पट वेळ जायचा, आणि दुकानदार पहिल्यापेक्षा जास्त वैतागायचे.

एवढंच ध्यानात ठेवा: उद्या मोठ्या होणाऱ्या लेकराची तजवीज करताना आज समोर उभं असलेलं लेकरू नजरेआड होऊ देऊ नये.